पेंटरने लावलेली पाटी

त्याचं नाव मी सांगणार नाही. आमच्या बैठकीचा तो नियम आहे, आणि अकरा वर्षं खोलीची किल्ली सांभाळतोय ती नियम मोडायला नाही. धंद्याने तो पाट्या रंगवणारा, म्हणून आमच्यात तो नुसता पेंटर.

गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. अक्षरांखाली एक लांब लाल रेघ ओढायची, पट्टी न लावता, एका दमात, ही त्याची सही. पुढे पिणं वाढलं आणि रेघ डुलायला लागली. दातांच्या डॉक्टरची पाटी त्याने अशी रंगवली की पेशंट आत येऊन म्हणायचे, "डॉक्टर, आधी बाहेरच्या पाटीला तार बसवून घ्या." त्याच डॉक्टरने त्याला चिठ्ठीवर आमचा पत्ता लिहून दिला: वाचनालय, मागचा जिना, बुधवारी सहा.

तोवर बायको बहिणीकडे निघून गेली होती. "सोडली" हा शब्द तिने त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता की जाताना तिने बजावलं, "आता मला काही सांगू नका. निरोपही पाठवू नका. तुमच्या बोलण्यावरचा माझा विश्वास उडालाय."

आमच्या दाराला पाटी नाही. त्यामुळे पहिल्या बुधवारी पेंटर वाचनालयाच्या सभासदांच्या सभेत जाऊन बसला आणि पंखे दुरुस्तीच्या ठरावाला हात वर करून आला. दुसऱ्या बुधवारी जिन्यावरच घुटमळला. तिसऱ्या बुधवारी मी त्याला दंडाला धरून आत आणलं, तर हा माझ्यावरच उखडला.

"दारूच्या दुकानाला दहा फुटी पाटी, तीही मीच रंगवलेली! आणि सोडायच्या जागेला साधा कागद नाही? माणसाने यायचं कसं, वास घेत?"

"इथे येणाऱ्याला कुणी बघू नये म्हणून पाटी नाही," मी समजावलं. त्याला काडीचंही पटलं नाही.

पण यायचा मात्र नेमाने. आमच्याकडे उभं राहून आपल्याबद्दल बोलायचं असतं. पेंटर उठायचा, म्हणायचा, "मी पेंटर. मी दारुडा आहे," आणि धपकन खाली बसायचा. सहा महिने हीच दोन वाक्यं. पुढे त्याच्या तोंडातून अक्षर निघेल तर शपथ.

आणि मग एका बुधवारी त्याने आम्हाला भेट दिली. ग्रंथपालाच्या मागे लागून परवानगी काढली, आणि वाचनालयाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत, पिवळ्यावर निळी सावली देऊन लिहिलं: दारू सोडणाऱ्यांची बैठक. दर बुधवारी सहा वाजता. शेजारी जिन्याकडे रोखलेला केवढा तरी बाण. खाली लाल रेघ.

सहा वाजून गेले, तरी एक माणूस वर येईना. मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या बसस्टॉपवर आमची अख्खी बैठक उभी होती, एकमेकांना न ओळखता. मुख्याध्यापिका बाई एकामागून एक बस सोडत होत्या. आमचा न्हावी वाकून बुटाची नाडी बांधत होता, पायात चपला असताना. दुसऱ्याला काय नावं ठेवू, मी स्वतः पुस्तकांच्या गोदामातून चोरासारखा वर आलो होतो.

बारा रिकाम्या खुर्च्यांत पेंटर एकटा बसला होता.

"आवडली नाही का?" त्याने विचारलं.

"अक्षरं झकास आहेत! पण सगळ्या गावादेखत त्या अक्षरांखालून आत शिरायचं कुणी? अकरा वर्षं जपलेली बैठक तू एका रंगाच्या डब्यात बुडवलीस!"

तो हळूच म्हणाला, "मोडली ना माझ्यामुळे? आता बुधवारी मी कुठे जाऊ?" आणि खिडकीतून समोरच्या दारूच्या दुकानाच्या त्या दहा फुटी पाटीकडे बघत राहिला. तिथले दिवे नुकतेच लागले होते. मला माझ्या जिभेचा राग आला आणि खरं सांगतो, भीतीही वाटली. काही सुचेना, म्हणून मी चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात एक बाई उभी राहिली, अंगावर इस्पितळाच्या धुलाईखात्याचा एप्रन, खांद्याला पिशवी. पेंटर ताडकन उठला. ही कोण, ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

"बसमधून रेघ दिसली," ती म्हणाली. "मग उतरले. जवळ जाऊन बघितली. कुठेही हललेली नाही."

मी खुर्ची पुढे केली. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. पेंटरला काय करावं कळेना, म्हणून दर बुधवारी करतो तेच त्याने केलं. सरळ उभा राहिला.

"मी पेंटर. मी दारुडा आहे." आणि सवयीने खाली बसायला लागला.

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पुढे बोला."

तो बोलला. मध्येच माझ्या मागे एक खुर्ची सरकली, मग दुसरी. एक बाई भर रस्त्यावरून, सगळ्यांदेखत पाटीखालून आत गेलेली बसस्टॉपने पाहिली होती. पुढच्या आठवड्यात अक्षरं आम्ही पुसून घेतली, बाण आणि रेघ तेवढी ठेवली. त्या दिवशी पेंटर काय बोलला, ते मी सांगणार नाही, नियम आहे. पण चहा आटून पातेलं करपलं, तरी गॅस बंद करायला कुणी उठलं नाही.