वनहक्काचं वाचन

परवा शाळेत नव्या कायद्यांच्या सरकारी पुस्तिका आल्या. गठ्ठा सोडताच शाईचा वास आला आणि मला झरीकडचं ते कोलाम आदिवासींचं पोड आठवलं, जंगलालगतची छोटी वस्ती.

मी तेव्हा नवाच मास्तर. वनहक्क कायद्याची पुस्तिका तिथं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं. बातम्या दिल्यासारखं खणखणीत वाचलं. अर्थ फारसा कळत नव्हता, पण आवाज छान लागला होता.

म्हातारे भीमाबुवा म्हणाले, "गुरुजी, म्हंजे जंगलातलं वावर आता आमचंच राह्यते ना?"

"तुमचंच," मी पुस्तिका मिटत म्हणालो.

"मंग आंबा लावतो. उद्या हाकलतीन म्हणून लावतच नव्हतो."

त्यांनी लगेच खड्डा खणला. रोपाभोवती माती मीच लोटली, पाहुणा म्हणून.

फाट्यावर एसटीची वाट पाहताना सहज उरलेली पानं चाळली. हक्क हवा तर आधी ग्रामसभेकडे दावा करावा लागतो, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं. पोड अजून दिसत होतं. तेवढ्यात एसटी आली. कोणीतरी सांगेलच त्यांना, असं म्हणत मी चढलो, आणि खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून खूशही झालो.