वीस भूमिपुत्र आणि एक टेम्पो

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि मी बोलताना मधे हसू नका. हा किस्सा मी अजून कुणाला सांगितलेला नाही. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव. गाव म्हणायचं आपलं. आजोबांच्या वेळी भातशेती होती, आता तिथे वीस-वीस मजल्यांचे टॉवर आहेत आणि टॉवरच्या मागे आमची चाळ. खोल्यांत सगळे भाडेकरू, सगळे बाहेरचे. ते भाडं देतात, आम्ही जेवतो. मी बी.कॉम. झालेलो आणि झाल्यापासून सहा वर्षं बेकार होतो.

पण बेकार म्हणजे रिकामा नव्हे हां. मी बेकारांच्या समितीचा अध्यक्ष होतो.

समिती निघाली ती लग्नामुळे. कोपरीचं एक स्थळ आलेलं. मुलीचं नाव वैशाली, लॅब टेक्निशियन. बघायच्या कार्यक्रमात तिने सरळ विचारलं, "मी लॅबमध्ये आहे. तुम्ही काय करता?" आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी पोह्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "सामाजिक काम." मग काय, आठवड्याभरात 'बेरोजगार भूमिपुत्र समिती' काढणं भागच होतं. लेटरहेड छापलं, शिक्का केला. अध्यक्ष मी. बाकी पदं रिकामी, कारण कुणाला वेळ नव्हता.

जवळच एक मोठं गोदाम आहे, लोक मोबाईलवरून मागवतात त्या वस्तूंचं. तिथे निवेदन द्यायचं ठरवलं. 'स्थानिकांना डावलून परप्रांतीयांची भरती का?' असं झणझणीत लिहिलं आणि खाली वीस बेरोजगार स्थानिकांची यादी जोडली. आता वीस नावं आणायची कुठून? आमच्या क्रिकेटच्या नऊ-नऊ जणांच्या दोन टीम होत्या, दोन्ही टीमची नावं उतरवली. दोघे कमी पडत होते, ते अंपायर घातले. विचारलं कुणालाच नाही. चांगल्या कामाला विचारायचं काय?

गोदामात भरती बघणाऱ्या वाघमारे मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्म्यातून एकेक ओळ वाचणाऱ्या. माझी सगळी तयारी होती. त्या नाही म्हणणार, मग मी गेटवर बसणार, मग फोटो, मग तो फोटो कसातरी कोपरीपर्यंत पोचणार.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "बरोबर आहे तुमचं. पॅकिंगला माणसं हवीच आहेत. उद्या सकाळी सात वाजता विसाच्या वीस घेऊन या."

मी म्हटलं, "उद्या?"

"का? बेरोजगार आहेत ना?"

आता मला सांगा, मागणी मान्य झाल्यावर काय करायचं असतं हे कुणाला माहीत असतं का? मी आभार मानले आणि बाहेर येऊन स्कूटरवर नुसताच बसून राहिलो.

मग गावात फिरलो. पहिला भेटला आमचा कॅप्टन नितेश. तो म्हणाला, "आठ तास उभं राहायचं? बसायचं काय असेल तर बोल." दुसऱ्याने विचारलं, एसी आहे का. तिसरा म्हणाला सुपरवायझर करत असतील तर येतो, हाताखाली दोन माणसं पाहिजेत. एक अंपायर तर अंगावरच आला. "माझं नाव कोणाला विचारून टाकलंस रे? उद्या सासरी कळलं की मी पार्सलं भरतो, तर?"

संध्याकाळपर्यंत विसातले शून्य जमले.

ओटीवर बाबा बसलेले. म्हणाले, "पोरं नाय येत तं तू जा."

"बाबा, मी अध्यक्ष आहे."

"मंग?"

मी चाळीच्या मागे नळावर तोंड धुवायला गेलो, आणि तिथे मला ती भयंकर आयडिया आली. नळावर आमचा भाडेकरू सुदामा डबा घासत होता. बिहारचा माणूस, दोन वर्षं आमच्याकडे. त्याच्यासारखे चाळीत एकूण अकरा, म्हणजे विसातले निम्मे तरी झाले. रोज सकाळी साडेसहाला डबे घेऊन निघतात, रात्री येतात. कुठे जातात, काय करतात, मी कधी विचारलं नव्हतं. वेळेवर भाडं देणाऱ्याला कोण काय विचारतं?

"सुदामा, उद्या सकाळी तुम्ही अकराच्या अकरा माझ्याबरोबर एका कंपनीत यायचं. मी देतो ती नावं सांगायची. गाव विचारलं तर हेच गाव."

"ड्यूटी है, हरेशभाऊ."

"शीळफाट्याच्या बाजूलाच जायचंय. अर्ध्या तासाचं काम."

"उसी तरफ तो ड्यूटी है."

"मग झालंच की. तिथून जा ड्यूटीला. मी टेम्पो करतो."

टेम्पो ऐकल्यावर त्याने डबा खाली ठेवला. ते लोक रोज चालत जायचे. "टेम्पो से? सबको?" आणि लगेच आत ओरडून सगळ्यांना सांगितलं.

सकाळी टेम्पोत मी तालीम घेतली. सुदामाचा नितेश केला. "नाव?" "नितेश पाटील." "गाव?" "ज़िला सिवान." "अरे, नाही रे." परत पहिल्यापासून. मागे एक दाढीवाले काका होते, पन्नाशीचे, त्यांना मी अंपायर केलेलं. त्यांना आपलं आडनाव एवढं आवडलं की ते मधेमधे स्वतःशीच म्हणून बघत होते.

टेम्पो गोदामाच्या गेटला लागला. अकराच्या अकरा माणसांनी खिशात हात घातला आणि निळ्या पट्टीचं आयकार्ड काढून गळ्यात अडकवलं.

मी जवळचं एक कार्ड वाचलं, तर ते याच गोदामाचं.

सुदामा पुढे झाला, मशीनला कार्ड लावलं, हिरवा दिवा. मागचा, हिरवा. काका, हिरवा. वॉचमन हसून म्हणाला, "आज टेम्पो से? प्रमोशन हुआ क्या?" सगळे आत. त्यांच्या मागोमाग मीही घाईत पाऊल टाकलं तर दांडा पोटात बसला आणि लाल दिवा लागला. गेटवरचा एकमेव भूमिपुत्र, आणि तोच बाहेर.

तेवढ्यात वाघमारे मॅडम यादी घेऊन आल्या. "हरेश, माणसं कुठायत?"

"आत गेली ना आत्ताच."

"ती आमचीच आहेत. दोन वर्षं इथे कामाला आहेत." त्यांनी यादीवर बोट ठेवलं. "नितेश पाटील कोण?"

आतून सुदामाने प्रामाणिकपणे हात वर केला. "हम हैं, मॅडम."

"तू नितेश पाटील कधीपासून?"

"आज सुबह से."

वॉचमन पाठ फिरवून हसायला लागला. मॅडम हसल्या नाहीत, आणि तेच वाईट वाटलं. म्हणाल्या, "मीही स्थानिकच आहे. ठाकुर्लीची. अर्ज केला, मुलाखत दिली, लागले. तुमच्या यादीत वीस नावं आहेत, त्यात तुमचं कुठाय?"

"मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्षाची जागा नाहीये. पॅकिंगमध्ये आहे. करणार?"

आत अकरा माणसं उभी राहून बघत होती. खरं सांगतो, मला पळून जायचं होतं, पण टेम्पो निघून गेलेला. आणि पळून जाऊन परत त्याच ओटीवर बसायचं, ते का कोण जाणे, नको वाटलं. मी सही केली.

टीम लीडर कोण? सुदामा. त्याने मला हातमोजे दिले आणि फार अदबीने, दोन वर्षांत शिकलेल्या मराठीत म्हणाला, "हरेशभाऊ, खोलीचे मालक तुम्ही. पण टेप अशी नाय कापायची." दहा वाजेपर्यंत माझ्या पोटऱ्या माझ्या राहिल्या नव्हत्या. डबा मी आणलाच नव्हता. दाढीवाल्या काकांनी न विचारता दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. दोन वर्षांत मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं. रामधनी.

तिसऱ्या दिवशी वैशालीचा फोन आला. मी सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे रोज जाता?"

"जातो."

"मग बरंय," म्हणाली. आवाजात हसू होतं, पण कुठल्या प्रकारचं ते कळलं नाही.

किस्सा इथे संपला असता तर माझी थोडीफार अब्रू शिल्लक होती. पण शुक्रवारी दुपारी गेटवर दुसऱ्याच एका गावची समिती येऊन थडकली. पंधरा जण, झेंडे, घोषणा, 'स्थानिकांना काम द्या'. पुढारी पांढऱ्या शर्टात, गॉगल लावून. मी आणि सुदामा ट्रॉली ओढत नेमके गेटवर. माझ्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगभर पुठ्ठ्याची धूळ.

सुदामा नेहमीच्या सवयीने म्हणाला, "दादा, जरा बाजूला व्हा ना, माल चाललाय."

पुढारी खूश झाला. सुदामाच्या खांद्यावर हात टाकून कार्यकर्त्यांना म्हणाला, "बघा, आपला माणूस. आपल्याच जमिनीवर याला या लोकांबरोबर ट्रॉली ओढावी लागते." आणि 'या लोकांबरोबर' म्हणताना त्याने माझ्याकडे बोट केलं. मग मला जरा दमातच म्हणाला, "ए भैया, साइड हो जा. ये हम लोकल लोगों का मॅटर है."

आता मराठीत बोललो असतो तर त्याने नाव विचारलं असतं, आणि या पट्ट्यातल्या सगळ्या समित्यांना माझं नाव पाठ होतं.

मी मास्क नाकावर चढवला, ट्रॉली बाजूला घेतली आणि म्हणालो, "जी, भैया."