ओला हिरवा रंग

आज सोसायटीच्या गेटला ऑइलपेंट मारताहेत. त्या वासाने माझं डोकंच फिरलं.

बारावीनंतर आबा मला आटपाडीहून एसटीने एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज बघायला घेऊन गेले होते. माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गेटवरच्या वॉचमनने त्यांना कडक सॅल्यूट ठोकला आणि आबांची छाती फुगली. आत वाटेच्या कडेला चुना मारलेले दगड, वर्कशॉपमध्ये हिरवीगार लेथ मशिनं. मी एका मशिनचं चाक फिरवायला गेले. ते जागचं हललं नाही, बोटांना मात्र ओला रंग लागला.

"आबा, ह्ये फिरत न्हाई. नुसतं रंगवलंय."

"आगं, सायेब येणार म्हटलं की आमी बी दगडं रंगवायचो," रुमालाने माझी बोटं पुसत आबा म्हणाले. "आज आपल्यासाठी कुणीतरी रंगवलंय. मान हाय ह्यो."

त्यांचा तो चेहरा बघून मी तिथंच प्रवेश घेतला. डिग्री हातात आली तरी ते चाक फिरलं नव्हतं.

तेव्हा मला आबांच्या भोळेपणाचा राग आला होता. आता येतो तो त्या हरामखोरांचा. कारण फी भरून झाल्यावर आबा मला सोडायला आले, तेव्हा त्याच वॉचमनने त्यांना अडवलं.

"ओ काका, पालकांनी भायेरच थांबायचं."

आबांचा हात सॅल्यूटला अर्धा वर गेला होता. तो त्यांनी हळूच टोपीकडे नेला आणि टोपी सारखी केली.