आखाजीपर्यंत जगवायचा लेमन बाम

माझा आवाज मोठा आहे, हा माझा दोष नाही. तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या पोराला 'सावधान' ऐकू गेलं पाहिजे ना! निवृत्त झालो, जळगावात घर बांधलं, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. घरच्यांचं म्हणणं मात्र एकच, की मी चिडतो.

मागच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पुण्याहून घरी आली होती. आमच्या खान्देशात दिवाळी हुकली तर चालेल, पण आखाजीला लेक घरी हवीच. आल्यावर कळलं, पोरीनं नोकरी बदलली आणि मला विचारलंसुद्धा नाही. मी काय केलं? तिच्या नव्या ऑफिसात फोन लावला. माणसं बरी आहेत का, पोरीला जेवायला वेळेवर सोडता का, एवढंच विचारलं. बापानं विचारू नये? तर ती म्हणाली, "पप्पा, मी तिसऱ्या वर्गात नाही." मग मीही बोललो, तीही बोलली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं पोरगी निघून गेली. तिच्यासाठी आणलेले आंबे मी एकट्यानं खाल्ले, आणि एकही गोड लागला नाही.

त्यानंतर फोन यायचा तो तिच्या आईला. माझ्या वाट्याला फक्त "बरे आहात ना?" एवढंच.

संक्रांतीच्या सुमारास कुरिअरनं एक खोकं आलं. आत काळ्या पिशवीत वीतभर रोप आणि एक चिठ्ठी. 'पप्पा, ह्याला लेमन बाम म्हणतात. पानांचा चहा करायचा. डोकं शांत राहतं. आखाजीला येईन तेव्हा दोघं मिळून पिऊ.'

"माझं डोकं शांतच आहे!" मी बायकोला सांगितलं. ते ऐकून शेजारचे नाना कुंपणाशी आले आणि म्हणाले, "काय झायं सर? भांडण शे का?"

पण खरं सांगतो, 'दोघं मिळून' ह्या दोन शब्दांत माझा जीव अडकला. रोप आखाजीपर्यंत जगलं तर चहा होणार, चहा झाला तर पोरगी समोर बसणार. आणि मेलं तर मी कुठल्या तोंडानं बसू?

थंडीत रोप चांगलं माजलं. पान चुरलं की लिंबाचा घमघमाट. दिसायला मात्र थेट पुदिना. नानांनी पान हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि निकाल दिला, "लिंबू पडेल पुदिना शे." म्हणजे लिंबू पडलेला पुदिना. एकदा बायकोनं त्याचे दोन शेंडे खुडले. म्हणाली, खुडलं की जास्त फुटतं. मी विचारलं, परवानगी कोणी दिली? चांगला अर्धा तास विचारत होतो. ती शेंडे मुठीत धरून मागच्या दारी निघून गेली. मला वाटलं, विषय मिटला.

मार्च उलटला आणि जळगावनं आपलं खरं रूप दाखवलं. आमच्याकडे ह्या दिवसांत दुपारी नळ सोडला तर चहाचं पाणी येतं. पानं माना टाकायला लागली. नानांची धरणगावकडे कपाशी, जन्म शेतीत गेलेला. ते म्हणाले, "सावली दे नि सोडी दे." मी म्हटलं, नाना, हा कापूस नाही, माझ्या लेकीनं पाठवलेलं झाड आहे. सोडून देतो की काय!

मी आधी छत्री बांधली. मग कुंडीला ओलं पोतं गुंडाळलं. दिवसातून तीनदा फ्रिजचं पाणी घातलं. तरी जमेना, तेव्हा मी निर्णय घेतला. घरात कूलर एकच. त्याच्यासमोर स्टूल, स्टुलावर कुंडी. आम्ही दोघं नवरा-बायको बाजूच्या खाटेवर, घामानं निथळत.

"झाडले कूलर नि माणूसले घाम!" बायको म्हणाली. ती चिडली की तिची शिंदखेड्याची माहेरची बोली बाहेर पडते. मी म्हटलं, आखाजीपर्यंत सोस. तिनं चटई उचलली आणि मागच्या दारी कडुलिंबाच्या सावलीत जाऊन झोपली.

पानांच्या कडा काळ्या पडल्या. मी ताक घातलं. शेणखत घातलं. दर दोन तासांनी कुंडीचं तोंड फिरवलं. एकदा तर कोणी नाही असं बघून त्याला मैदानावरच्या आवाजात म्हटलं, "उठ!" ते काही उठलं नाही. आखाजीला आठ दिवस असताना सहज हात लावला तर मुळासकट हातात आलं, खाली सगळं कुजलेलं.

मी ते पुन्हा मातीत खोचलं आणि काडीला दोऱ्यानं बांधलं. वय काय, करतोय काय! पण मला दुसरं काही सुचेना.

आखाजीला लेक आली. घागर पुजली, पुरणपोळी-आमरस झाला, आणि दुपारी ती म्हणाली, "पप्पा, आपला चहा?" मी तिला बाहेरच्या खोलीतच बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात घुसलो. नानांच्या कुंपणातला गवती चहा, बाजारातला पुदिना, वर लिंबाची साल, अशी सगळी तयारी मी करूनच ठेवली होती. कप तिच्या हातात दिला. तिनं घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, हा गवती चहा आहे."

तू काय मोठी शास्त्रज्ञ लागून गेलीस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "मेलं गं ते," मी म्हणालो. "माझ्याच हातानं मेलं. खूप जपलं, तरी मेलं."

मी इतक्या हळू बोललो, की बायको हातातली उलथणी तशीच घेऊन धावत आली. तिला वाटलं, मला काही होतंय. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला दोघं मागच्या दारी."

मागच्या दारी तिवईवर आमचा माठ असतो. त्याच्याखाली एक फुटकं घमेलं होतं. माठ पाझरत होता, थेंब थेंब घमेल्यात पडत होता, आणि घमेलं लेमन बामानं गच्च भरलं होतं. बायकोनं खुडलेले तेच ते दोन शेंडे! माठाखाली मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. मला पाणी आयतं हातात मिळतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. नाना कुंपणाशी हजर.

बायको शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर हेबी तुम्ही कूलरपुढे नेलं असतं."

लेक हसायला लागली. हसता हसता खाली बसली, मूठभर पानं खुडली, चुरून वास घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, ह्या वेळी मी आठ दिवस राहीन म्हणते. फक्त मला कूलरपुढे ठेवू नका."

मी "बरं" म्हणालो. कुंपणाशी उभ्या असलेल्या नानांना ते ऐकू गेलं नाही.