मिस्टर एल्मरच्या बेचाळीस गाई

त्या गुरुवारी मिस्टर एल्मर पहाटेच्या धारेला आले नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पाच वर्षांत त्यांचा एक खाडा मी पाहिला नव्हता. नऊच्या सुमाराला ऑफिसातून फोन आला. दोह्यातल्या अल मुंतझा वस्तीतल्या त्यांच्या फ्लॅटचं दार रखवालदाराला उघडावं लागलं होतं. झोपेतच हृदय बंद पडलं... खलास. फोनवरचा माणूस खरंच 'खलास' म्हणाला, आम्ही इथं टँकर भरून निघाला की म्हणतो तसंच. मी हातातलं थर्मामीटर धुतलं. पुन्हा धुतलं. मग पुढच्या गाईकडे गेलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

मी शिरोळ तालुक्यातला, जनावरांचा डॉक्टर. दोन वर्षांच्या करारावर कतारला आलो, त्याला आता सहा वर्षं होतील. दोह्यापासून तासाभरावर, वाळूच्या मधोमध आमचा दुधाचा फार्म आहे. पंखे आणि पाण्याचे फवारे बंद पडले तर अर्ध्या दिवसात गाई रवंथ करायच्या थांबतात. धारा काढण्याचा सगळा विभाग एल्मर यांच्याकडे होता. वय सदुसष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे, पण पणजोबा जर्मनीहून आलेले. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं. सँडविच ते चालताना खायचे, मीटिंगमध्ये दाराशी उभे राहायचे, आणि कोणाचं बोलणं लांबलं की "यल्ला, चला, गाई थांबत नाहीत" म्हणून निघून जायचे. मला वाटायचं, कामाचा उरक आहे. तो उरक नव्हता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

स्वतःबद्दल ते एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्याकडे जातानाच बोलायचे, तेही तुकड्यातुकड्यांत. घरी बेचाळीस गाई होत्या. गोठ्यात दोन रांगा; डावी एल्मरची, उजवी धाकट्या भावाची, लिओची. शाळेआधी आणि शाळेनंतर धारा काढायच्या. जेवायच्या आधी वडील जर्मनमध्ये प्रार्थना म्हणायचे, पोरांना तिचा अर्थ कळायचा नाही, पण मध्येच हसलं तर ताट उचललं जाई. हिवाळ्यात बोटं बधिर झाली की दोघे भाऊ ताज्या दुधाच्या बादलीवर हात शेकायचे. एल्मरची रांग नेहमी आधी संपायची. लिओ प्रत्येक गाईशी बोलत बसायचा, आणि हा दारात उभा राहून ओरडायचा, "आटप!"

वडील गेल्यावर फार्म दोघांचा झाला. पुढची गोष्ट मी त्यांच्या तोंडून तीनदा तरी ऐकली होती, जवळजवळ त्याच शब्दांत. "नाताळला घरी गेलो तर गोठा रिकामा. बेचाळीसच्या बेचाळीस विकल्या होत्या. मला विचारलंही नाही." त्याच दिवशी ते परत फिरले. आधी सौदी, मग ओमान, मग इथं. भावाशी पुन्हा बोलले नाहीत. मला लिओचा राग यायचा. न पाहिलेल्या माणसाचा राग करणं किती सोपं असतं...

मागच्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दगडी, म्हणजे कासेची सूज, झालेल्या एका गाईची कास तपासत होतो. माझा फोन खिशात थरथरत होता. गावाहून दादाचा, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचा. मी उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा उचलला नाही. दादा एकच विचारणार हे मला ठाऊक होतं: गावी परत कधी येणार.

"कोण?" एल्मरनी विचारलं.

"भाऊ. नंतर करीन."

"उचल."

"काम झाल्यावर—"

"सुभाष, उचल तो फोन!"

इतक्या मोठ्यानं ते कधी बोलले नव्हते. गाय बिचकली. मी बाहेर जाऊन फोन घेतला. दादा म्हणाला, "आरं, कवा येतोस ते इचारत न्हाई बाबा आता. म्हस व्याली, रेडी झालीया. सांगावं वाटलं." एवढंच.

परत आलो तर एल्मर लोखंडी कठड्याला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता बोलू लागले. त्या नाताळच्या आधीच्या दोन वर्षांत ते घरी नव्हतेच. धारेची यंत्रं बसवायच्या नोकरीवर राज्याराज्यांतून फिरत होते. त्या हिवाळ्यात लिओ बर्फावरून घसरला, खांद्याचं हाड मोडलं. एका हातानं तो दोन्ही रांगांच्या धारा काढत होता. एल्मरला फोन करत होता.

"मला नंबर दिसायचा," ते म्हणाले. "मी वाजू द्यायचो. गेलो असतो तर परत निघता आलं नसतं, एवढंच डोक्यात होतं. गाई त्यानं नाही विकल्या. मी विकायला लावल्या." आणि मग, "यल्ला," म्हणून पुढच्या गोठ्याकडे गेले. त्यानंतर दादाचा फोन मी कधी वाजू दिला नाही. गावी परतायचं की नाही, ते मात्र अजून ठरत नाही.

एल्मर गेल्यावर आठव्या दिवशी लिओ दोह्याला आले. मीच त्यांना आणायला विमानतळावर गेलो. उंच, वाकलेले, डावा खांदा किंचित उतरता. एल्मरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघेच होतो. पडदे नाहीत, भिंतीला खिळा नाही, कपडे सुटकेसमध्येच घड्या घालून.

"इथं किती दिवस राहात होता तो?" लिओनी विचारलं.

"पाच वर्षं."

लिओ हसले. मग पलंगाच्या कडेवर बसले. "माझ्याबद्दल काय सांगायचा?"

माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. पहिली मी तीनदा ऐकलेली, दुसरी एकदाच. दुसरी सांगितली तर मेलेल्या माणसाची चूक उघडी पडत होती. पहिली सांगितली तर जिवंत माणूस दोषी ठरून घरी जाणार होता. मी दुसरी सांगितली, कठड्यापाशी ऐकली तशी, शब्दाला शब्द.

ते उठून खिडकीशी गेले. खाली दुकानांसमोर गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"त्याचा इथला नंबर मी कसा मिळवला, ते विचारू नका," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी एकदा केला होता. त्यानं लगेच उचलला. हॅलो म्हणाला. माझ्या तोंडून शब्दच फुटेना... तोही थांबला. ठेवला नाही त्यानं. मागं गाई हंबरत होत्या, खूप गाई. मी ऐकत राहिलो."

"मग?"

"मग मीच ठेवला. म्हटलं, गाईंत आहे. बरा आहे."