हिरव्या गाडीची मागची सीट

आल्मेरा गावात आर्डिथ रायझिगला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, कारण निम्मं गाव लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत गेलेलं. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, बीटाच्या शेतांमधल्या सरळसोट रस्त्यांवर तिनं एकोणतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. बाई ठेंगणी, खांद्यांनी रुंद, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवरचं कार्टंसुद्धा गपकन खाली बसायचं.

तिच्या दोन सवयींची गावात थट्टा व्हायची. पोर उतरलं, की ते घरात शिरून दार लागेपर्यंत ती बस हलवायची नाही, मग मागे कुणी कितीही हॉर्न वाजवो. आणि शाळा उघडली की पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराला आपल्याकडे नीट बघायला लावायची. "माझं तोंड बघ. घरी कुणी आणून सोडलं विचारलं तर काय सांगशील?" पोरं ओरडायची, "आर्डिथनं!" तिचा नवरा व्हर्लिन म्हणायचा, "अगं, त्यांना पाढे तरी इतके पाठ नसतील." हे कुठून आलं, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. निदान त्या ऑगस्टपर्यंत तरी.

व्हर्लिन जाऊन दोन वर्षं झाली होती. सहासष्ट साली शाळा सोडलेल्यांचा पन्नास वर्षांनंतरचा मेळावा अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये भरला. कोबी-खिमा भरलेले पाव, बटाट्याचं सॅलड, थरथरणारी जेली. पांढऱ्या केसांची नाहीतर बिनकेसांची मंडळी एकमेकांच्या छातीवरचे नावाचे कागद चोरून वाचत होती. पहिला तासभर गुडघे आणि नातवंडं झाली आणि मग कुणीतरी गाड्यांचा विषय काढला. बघता बघता सगळ्यांच्या खुर्च्या पुढे सरकल्या.

त्या काळी चौदा-पंधराव्या वर्षी पोरं गाडी चालवायची. शेतं लांब होती, दुसरा इलाजच नव्हता. मर्ल हर्गर्टनं टेबलावरचा पांढरा कागद सरळ केला आणि शाळेच्या आवारातल्या गाड्या जिथल्या तिथं काढायला घेतल्या. त्याची स्वतःची सत्तावनची शेवरोले अगदी दाराजवळ. रंगाला पैसे उरले नाहीत म्हणून शेवटपर्यंत राखाडीच राहिलेली.

"भुंकायची ती," आर्डिथ म्हणाली. "आमच्या गाई दूध चोरायच्या तिच्या आवाजानं."

"आणि तुझी प्लिमथ! तिला ब्रेक म्हणून वीट."

"वीटच होती, पण माझी होती," आर्डिथ म्हणाली. आजोबांची तपकिरी प्लिमथ. हँडब्रेक मेलेला, म्हणून चाकामागे वीट. उजवं दार गवताच्या भाऱ्याच्या तारेनं बांधलेलं, त्यामुळे मैत्रिणींनी तिच्या बाजूनं चढून घसरत पलीकडे जायचं.

लव्हॉन वाइमरचा बाप गावातल्या मयतांची व्यवस्था बघायचा. त्याची जुनी शवगाडी लव्हॉनला मिळाली होती आणि सहा पोरी तिच्यात आडव्या पडून सिनेमाला जायच्या. "झोपून सिनेमाला गेलेल्या आपणच," लव्हॉन म्हणाली. "आणि सगळ्या जिवंत परत आलो." लव्हॉन पुढे चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवून थकली होती, कात्री सुटली होती, तोंड थांबलं नव्हतं.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मर्ल एकेक चौकोन काढून खाली नाव लिहीत होता. कोपऱ्यातल्या शाळेच्या धुराड्याशी त्याचा हात थांबला.

"इथं ती हिरवी असायची. कुणाची रे?"

"हो, हिरवी!" चार-पाच जण एकदम म्हणाले. फिकट हिरवी, पाठ उलट्या होडीसारखी गोल. आत ओल्या लोकरीचा वास. हीटर लावला की काहीतरी टिकटिक वाजायचं. आरशाला निळ्या मण्यांची माळ.

"पण कुणाची?"

एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. तिसरा म्हणाला, माझी कुठली, मी घोड्यावर यायचो. दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबरसुद्धा पाठ असलेल्या मर्लला तिची कंपनी सांगता येईना. "दिवे नॅशसारखे," तो म्हणाला. "पण पाठ हडसनची. अशी गाडी कुणी बनवलीच नाही."

लव्हॉन हळूच म्हणाली, "वादळाच्या दिवशी मला तिनंच घरी सोडलं."

 ते वादळ तिथल्या प्रत्येकाच्या अंगावरून गेलं होतं. मार्चची दुपार, आभाळ क्षणात पांढरं झालं, शाळा लवकर सोडली, आणि पोरांच्या गाड्या एकीमागून एक बंद पडल्या. आर्डिथची प्लिमथ खोकलीसुद्धा नाही.

"मलाही," एक जण म्हणाला.

"मलाही तीच."

"मी मागे बसले होते," आर्डिथ म्हणाली. "चालवणाऱ्याच्या बरोबर पाठीमागे, खिडकीशी. मला त्याची मान आठवते. थंडीनं लाल झालेले कान. पोरगाच होता."

"तिथं मी होते," लव्हॉन म्हणाली. "मानच आठवते. कॉलर वर केलेली."

"तुम्ही दोघी तिथं कशा असाल?" मर्लनं पेन खाली ठेवलं. "चालवणाऱ्याच्या मागे मी होतो."

मग एकेकानं सांगितलं. सगळे त्याच जागी बसले होते, चालवणाऱ्याच्या मागे, खिडकीशी. शेजारी कुणीतरी होतं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण कोण ते कुणालाच आठवत नव्हतं. चेहरा एकानंही पाहिलेला नव्हता. उतरताना आर्डिथ म्हणाली होती, आत ये, कॉफी घे, हात शेकून जा. तो वळला नव्हता. "अजून एक आहे," एवढंच म्हणाला होता. हे तिनं सांगितलं तेव्हा टेबलापलीकडच्या दोघांनी माना खाली घातल्या. त्यांनाही तो तेच म्हणाला होता.

जेली तशीच राहिली आणि मेळावा दिवेलागणीच्या आधीच पांगला.

आर्डिथला त्यानंतर चैन पडेना. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण कुणीतरी आपल्याला मरणातून घरी आणून सोडलं आणि आपल्याला त्याचं नाव ठाऊक नाही, हे तिला सहन होईना. वादळात पलीकडच्या गावची दोन माणसं गाडीतच गोठून गेली होती. भांडी घासताना तिच्या मनात यायचं, त्या पोराला कुणी सोडलं असेल? सगळ्यांना पोचवून तो स्वतः पोचला असेल का?

तिनं वर्गाची यादी काढून बघितली, तर सगळे जमेस होते. वारलेल्यांची थडगी होती, जिवंतांचे फोन लागत होते. शाळेच्या जुन्या फोटोत धुराड्याशी रिकामी जागा, नुसता बर्फ. मग एके दिवशी मर्लचा फोन आला.

"आर्डिथ, त्या हिवाळ्यात आपल्या वर्गात आणखी एक पोरगा होता. मेक्सिकन. मळ्यावरच्या मजुरांच्या खोल्यांत राहायचा. शेवटच्या रांगेत."

तिनं डोळे मिटले. हो, होता. नाव काही केल्या आठवेना. उन्हाळ्याआधीच कुटुंब निघून गेलं, म्हणून फोटोतही नाही. सगळं जुळत होतं. कुणाच्या लक्षात न राहिलेला पोरगा, कुणाच्या लक्षात न राहिलेला ड्रायव्हर. "तोच असणार," मर्ल म्हणाला. "आणि आपण साधे आभारही मानले नाहीत." चर्चमधल्या जुन्या माणसांना विचारत विचारत आर्डिथनं नाव काढलं, सिप्रियानो लूना. कोलोरॅडोत, ग्रीलीला राहतो, साखर कारखान्यातून निवृत्त झालाय. जिवंत आहे हे ऐकून ती स्वयंपाकघरातच खुर्चीवर बसली आणि बराच वेळ रडली.

ऑक्टोबरमध्ये ती आणि लव्हॉन तीन तासांचा रस्ता कापून ग्रीलीला गेल्या. आर्डिथनं ॲपल पाय भाजून घेतला होता.

सिप्रियानोनं दार उघडलं. उंच, सावळा, वाळलेला, मिशी पांढरी शुभ्र. आत त्याच्या बायकोनं हिरव्या मिरचीचा रस्सा आणि गरम टॉर्टिया पुढ्यात ठेवल्या. जेवल्याशिवाय बोलायचं नाही, असा तिचा कायदा होता. जेवण झाल्यावर आर्डिथनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पन्नास वर्षं उशीर झालाय, पण आम्ही आभार मानायला आलो आहोत. ती गाडी तुझी होती ना?"

सिप्रियानो तिच्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्यानं हसला.

"बाई गं, त्या साली आल्मेरात मजुराच्या पोराकडे गाडी असती, तर तुम्हीच काय, शेरीफसुद्धा आजवर विसरला नसता. आम्ही नऊ माणसं एका खोलीत होतो. बापाकडे सायकल नव्हती."

"मग..." लव्हॉन म्हणाली.

"आणि माझे कान बघ. हे कधी लाल होतात का?"

हसता हसता तो थांबला. आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "पण मला ती गाडी ठाऊक आहे. मला तिनंच घरी सोडलं."

बायको भांडी उचलत होती, ती जागीच उभी राहिली. तिलाही हे नवीन होतं.

"मी शाळेच्या पायरीवर उभा होतो," तो म्हणाला. "मला कोण नेणार? चालत निघायचं ठरवत होतो. तेवढ्यात ती समोर येऊन थांबली आणि दार उघडलं. मला वाटलं, तुमच्यापैकी कुणाची तरी आहे. मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस निघाला यांच्यात. नाव विचारायची लाज वाटली, कारण वर्गातल्या पोराचं नाव आपल्याला ठाऊक नाही असं कसं सांगायचं? इतकी वर्षं वाटायचं, गेलो कधी तिकडे तर विचारू, कोण होता तो."

"कुठं बसला होतास?" आर्डिथनं विचारलं. तिला उत्तर नको होतं.

"चालवणाऱ्याच्या मागे. खिडकीशी."

आर्डिथनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

"शेजारी एक मुलगी होती," सिप्रियानो म्हणाला. "तपकिरी हातमोजे. डाव्याला अंगठ्याशी लाल दोऱ्यानं रफू केलेलं. चेहरा नाही आठवत, मी वर बघितलंच नाही."

 ते रफू तिच्या आईनं केलं होतं. पण ती खिडकीशी होती. काच गालाला लागलेली, तिचा गार स्पर्श तिला अजून आठवत होता. आणि शेजारी, हो, शेजारी कुणाचा तरी गुडघा होता, फाटक्या पँटमधून दिसणारा. ती तोंड उघडणार, तोच सिप्रियानो पुढे बोलू लागला.

"मी शेवटी उतरलो. गाडीत दुसरं कुणी उरलं नव्हतं, हे पक्कं आठवतं. त्याला म्हटलं, आता तू घरी जा, मर्दा. तो म्हणाला, अजून एक आहे. गाडी वळवून पुन्हा शाळेच्या दिशेनं गेला. बर्फात चाकांच्या खुणा बघायला मी थांबलो नाही. आई आतून हाका मारत होती."

"शाळेत कुणी उरलं नव्हतं," लव्हॉन म्हणाली. "शिपाईसुद्धा गेला होता. सगळ्यांची मोजदाद झाली होती दुसऱ्या दिवशी."

"मला मोजलं होतं?" सिप्रियानोनं सहज विचारलं. 

निघताना त्यानं आर्डिथचे दोन्ही हात हातात घेतले. "पुढच्या मेळाव्याला बोलवा. या वेळी आलो तर नाव विचारून घेईन सगळ्यांचं." ती म्हणाली, मीच येईन न्यायला. आणि खरंच, पुढे तो दरवर्षी येऊ लागला. मर्लच्या त्या कागदावर, शाळेच्या पायरीपाशी, त्यानं स्वतःच्या हातानं एक छोटा माणूस काढला आणि खाली नाव लिहिलं. हिरव्या गाडीच्या चौकोनाखाली मात्र कुणीच काही लिहिलं नाही. धुराडं शाळेबरोबर पडलं होतं. मर्लनं आसपासची झाडी, ओढे, जुनी गोठ्यांची आवारं पालथी घातली, पण असल्या गाडीचा एक पत्राही कुठं मिळाला नाही.

पण ग्रीलीहून परतताना हे सगळं पुढचं होतं. चार वाजायच्या सुमाराला उजेड करडा झाला आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली. ऑक्टोबरातला पहिला, हलका, काचेवर टेकताच विरघळणारा. यापेक्षा कितीतरी वाईट हवेत आर्डिथनं पोरांनी भरलेली बस नेली होती. तरी तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"काय झालं?" लव्हॉननं विचारलं.

"माझ्याच्यानं नाही होत. तू घे."

"मी? अगं, मी तर गॅरेजमधून काढतानासुद्धा कचऱ्याचा डबा ठोकते!"

"ठोक. पण तू घे."

लव्हॉन कुरकुरत उतरली, पुढून वळसा घालून आली. "बरं, तू मागे जा. पाय पसरून पड जरा."

"नाही," आर्डिथ म्हणाली. "मी पुढेच बसते."

ती शेजारी येऊन बसली. लव्हॉननं गिअर दोनदा कराकरा वाजवला, शिवी हासडली आणि गाडी रस्त्यावर आणली. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं पांढरी होत चालली होती. आर्डिथ रस्त्याकडे बघत नव्हती. ती पूर्ण वळून लव्हॉनच्या तोंडाकडे बघत होती. गालावरचा तीळ, ओठांशी गेलेली लाली, चष्म्यामागचे बारीक केलेले डोळे.

"काय बघतेस गं अशी खुळ्यासारखी?"

"बघू दे," आर्डिथ म्हणाली. "तू चालव."