दिवे गेले का?

लॉन्ड्रीचा टेम्पो चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘सुसाट’ म्हणत. गाडी तो कधीच सुसाट हाकत नसे, सुसाट चालायची ती त्याची जीभ. दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे नॅपकिन पोचवून झाले की सुट्टीचा दिवस सेवा क्लबचा. क्लबची अध्यक्ष दातांची डॉक्टरीण होती आणि चिटणीस एक औषधवाला. रक्तदान, आजाऱ्यांना खाटा-कुबड्या वापरायला देणं, म्हाताऱ्यांची डोळे-तपासणी असली कामं चालायची. “भाषणं तुम्ही ठोका, माणसं मी आणतो,” असं सुसाटनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. तेव्हापासून क्लबची जुनी व्हॅन त्याच्याच हातात. ज्यांना घरचं कुणी नेईना, त्यांना तो जिन्यावरून हाताला धरून उतरवी, मागच्या सीटवर बसवी आणि वाटभर हसवत आणी.

त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये डोळे-तपासणी होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची, बाजूला डोळ्यांचे तरुण डॉक्टर. खुर्चीत एक शिवणकामवाली आजी ठाण मांडून बसली होती. काही केल्या डोळा झाकायला तयार होईना.

“डोळा झाकून मेलं काय कळणार? मला उघड्या डोळ्यांनीच दिसत नाही!”

डॉक्टर हैराण. मागे रांग खोळंबलेली. अशा वेळी हाक कुणाला मारायची हे ठरलेलंच होतं. सुसाट चहाचा कप ठेवून पुढे आला.

“आजी, मी करून दाखवतो. चुकलो तर खुशाल हसा.”

त्यानं डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत खणखणीत वाचून काढला. रांगेतल्या दोघातिघांनी टाळ्या पिटल्या. मग त्यानं हात बदलला आणि उजवा डोळा झाकला.

“दिवे गेले का?” त्यानं विचारलं.

हॉलमध्ये हशा उसळला. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. “सुसाट, पुरे हं आता,” अध्यक्षबाई लांबून ओरडल्या.

त्यानं हात काढला. दिवे चालू होते. पंखे फिरत होते. आजी हसत होती. त्यानं पुन्हा हात ठेवला. सगळं गडप झालं. एका कडेला, दाराच्या फटीतून यावा तसा करडा उजेड तेवढा उरला. त्यानं हात काढला, ठेवला, पुन्हा काढला. लोक अजून हसतच होते, आणि हसणाऱ्यांना थांबवायचं कसं हे त्याला कळेना. आयुष्यभर लोकांना हसवत आलेल्या माणसाला ‘मी खरं बोलतोय’ एवढं सांगायला शब्द सापडेना.

“डॉक्टर,” तो कसाबसा म्हणाला, “मला काही दिसत नाहीये.”

हसू आधी डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून गेलं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, टॉर्च मारला, कसल्याशा यंत्रासमोर हनुवटी टेकवायला लावली. मग खालच्या आवाजात म्हणाले, “काचबिंदू आहे, काका. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे कळत नाही. उजवा डोळा एकटाच काम ओढत होता. त्यालाही सुरुवात झालीय, पण तो वाचवता येईल.”

“आणि हा डावा?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

“पण मी सकाळी गाडी चालवत आलो!” सुसाटचा आवाज चिरकला. “या सगळ्यांना घेऊन आलो!”

आता एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात येऊन आदळू लागली. टेम्पोचा डावा आरसा दोनदा फुटला होता. तो पार्किंगवाल्यांना शिव्या घालून मोकळा झाला होता. गेल्या महिन्यात डावीकडून एक सायकलवाली बाई अचानक समोर आली होती. “आकाशातून पडलात का?” असं तो तिच्यावर खेकसला होता. ती आकाशातून पडली नव्हती. ती कधीपासून शेजारूनच चालली होती.

बाहेर म्हातारी मंडळी परतीसाठी व्हॅनजवळ जमली होती. त्यानं खिशातून किल्ली काढून अध्यक्षबाईंच्या हातात ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा मागच्या सीटवर जाऊन बसला.

“आज तुम्ही मागे कसे?” शिवणकामवाल्या आजीनं विचारलं.

थाप मारता आली असती. पण त्यानं सांगितलं, “आजी, माझा डावा डोळा गेलाय. कधी गेला ते मलाही ठाऊक नाही. मी तुम्हाला तसाच फिरवत होतो.”

आजी त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, “मी तुमच्या जिवावर निर्धास्त झोपायचे हो गाडीत.” तिनं ते रागानं म्हटलं की नवलानं, हे त्याला उमगलं नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “डाव्या हाताला ठेवलेलं ताट तुम्ही रोज लवंडायचात,” ती पुटपुटली, “आणि मी रोज तुमच्या वेंधळेपणावर तोंडसुख घ्यायचे.” दुसऱ्याच क्षणी तिनं मुलीला खसकन समोर ओढलं. “एक डोळा झाक! वाच ते कॅलेंडर!” मुलगी रडवेली होऊन वाचत होती. तिला सगळं दिसत होतं, तरी आई पुन्हा पुन्हा वाचायला लावत होती.

हा आजार घराण्यात चालतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुसाटचा धाकटा भाऊ ट्रक चालवायचा. त्यानं फोनवर उडवूनच लावलं. “दादा, मला लांबची पाटी दिसते. डोक्यात काही भरवू नकोस. गाडीवर पोट आहे माझं.”

“मलाही दिसत होती रे,” सुसाट म्हणाला. आणि त्याला रडू फुटलं. भावानं थोरल्याला रडताना कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ट्रक लावून मुकाट्यानं दवाखान्यात आला. डॉक्टरांनी तपासलं. त्याच्याही डोळ्यांत दाब वाढला होता, पण नजर शाबूत होती. रोज थेंब घातले तर ती तशीच राहणार होती. भाऊ बाहेर आला, बाकावर सुसाटशेजारी बसला आणि कितीतरी वेळ नुसता त्याचा हात धरून राहिला.

लॉन्ड्रीच्या मालकानं सुसाटला काउंटरवर घेतलं. व्हॅन आता औषधवाला चालवतो. सुसाट क्लबच्या मंडळींबरोबर बसडेपोत, ट्रकतळावर जातो आणि ड्रायव्हरांना हटकतो, “दादा, एक डोळा झाका बघू.” बरेच जण त्याला वेड्यात काढतात. त्याची जीभ पुन्हा चालू लागली आहे, चेष्टाही करतो. पण समोरच्याचा हात डोळ्याकडे गेला, की बोलता बोलता तो गप्प होतो आणि तो माणूस काय दिसतं ते सांगेपर्यंत श्वास रोखून उभा राहतो.